आमची वाटचाल : जाड तारेचा फ्यूज नको

आमच्याकडे कुणाचं वय काढायचं झालं की आजी विचारायची, “भूकंपाच्या आधीचा की नंतरचा?” भूकंप म्हणजे कोयनेचा, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा. घर पाटण तालुक्यातलं. पण म्हणून मी लहानपणापासून भूकंपरोधक इमारतींचा ध्यास घेतला होता, असं काही नाही. कऱ्हाडात वर्कशॉप टाकलं आणि पहिली सहा वर्षं शेड, जिने, मंगल कार्यालयांचे पत्रे यांतच गेली.

मग दुमजली दवाखाना बांधणाऱ्या एका डॉक्टरांनी विचारलं, “भूकंपात इमारत पडणार नाही, कबूल. पण नंतर ओपीडी कधी चालू करू?” याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. भूकंपरोधक बांधकामाच्या नियमावलीचा भर माणसं वाचवण्यावर. मोठ्या भूकंपात इमारत दुखावणार हे धरलेलंच असतं. २०११ च्या भूकंपात न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये उभ्या राहिलेल्या कितीतरी इमारती पुढे पाडाव्याच लागल्या.

उपाय घरातल्या फ्यूजसारखा आहे. पोलादी चौकटीत दोन तिरप्या ब्रेसिंगच्या, म्हणजे आधाराच्या दांड्यांच्या, मधे बीमचा हातभर तुकडा असतो, त्याला लिंक म्हणतात. हादऱ्यात आधी त्यानं वाकायचं, कॉलम शाबूत राहायचे. लिंक वेल्डनं चौकटीला न जोडता तिच्या टोकांना एंड प्लेट, म्हणजे जाड पट्ट्या, लावून बोल्टनं जोडली, की नंतर तेवढीच बदलता येते. वरचा स्लॅबही तिला जखडायचा नाही.

पहिली चौकट वर्कशॉपमध्येच उभी करून लिंक काढायला घेतली. निघेना. खालच्या दोन बोल्टना स्टिफनर, म्हणजे मजबुतीसाठी लावलेली पट्टी, आडवा येत होता. फिटरमामा म्हणाले, “साहेब, कागदावर पाना फिरवायला लागत नाही.” ड्रॉइंग पुन्हा केलं. आता प्रत्येक बोल्टजवळ पान्याची जागा मामाच तपासतात.

खरा मनस्ताप मालाचा. लिंकसाठी ई-२५० या ग्रेडच्या पोलादाची प्लेट मागवली, तर एका पुरवठादारानं त्याच भावात जास्त ताकदीची ई-३५० पाठवली. वर म्हणाला, “चांगलाच माल दिलाय की!” त्याला कसं सांगायचं, की लिंक जास्त ताकदीची झाली तर ती वाकायची थांबते आणि मार कॉलमवर जातो? फ्यूजला जाड तार गुंडाळल्यासारखं. गाडी परत पाठवली, भाडं आमच्या अंगावर. ई-२५० चा शिक्का असलेली प्लेटसुद्धा कधीकधी ताकदीत बरीच जास्त भरते, म्हणून टेस्ट सर्टिफिकेट वाचल्याशिवाय कटिंग होत नाही.

दवाखान्याला चार जादा लिंक करून दिल्यात, ग्रीस लावून जिन्याखाली. मागच्या दिवाळीत साफसफाई करताना वॉचमननं भंगारवाल्याला बोलावलं होतं. आता त्यांवर लाल रंगात लिहिलंय : विकू नये.