साडेपाच तासांचं सिंगापूर आणि नऊ तासांचा फोटो

मुंबई ते सिंगापूर सरळ अंतर साधारण ३,९०० किलोमीटर. थेट विमान साडेपाच तासांत पोचवतं. डोंबिवली ते सीएसएमटी पन्नास किलोमीटरही नाही, पण एका फोटोपायी ती खेप मला तीनदा पडली. जाऊन-येऊन तीन तास धरा, म्हणजे नऊ तास. तेवढ्यात लेकीकडे जाऊन अर्ध्या वाटेवर परतही आले असते.

सिंगापूरचा व्हिसा अधिकृत एजंटमार्फत काढावा लागतो. आमचा एजंट फोर्टात. फॉर्म १४ए भरलेला, पासपोर्ट सहा महिन्यांहून जास्त वैध, सगळं चोख. काउंटरवरच्या मुलीने फोटो उजेडात तिरका धरला. "काकू, हा चकाकतोय. मॅट पाहिजे." स्टेशनजवळच्या स्टुडिओवाल्याने मला विचारलंही नव्हतं आणि मलाही ठाऊक नव्हतं. परत डोंबिवली.

दुसऱ्या खेपेला मॅट फोटो नेला. तिने पट्टी काढली. रुंदी ३५ मिलिमीटर, उंची ४५, बरोबर. मग पट्टी माझ्या हनुवटीपासून डोक्यापर्यंत लावली, तेही बरोबर. मी पर्सची चेन लावायला घेतली, तेवढ्यात ती म्हणाली, "कुर्ता क्रीम आहे ना, खांदा बॅकग्राउंडमध्ये गेलाय." पाहिलं तर खरंच, मागच्या पांढऱ्यात माझा डावा खांदा विरघळलेला! पण बाई गं, पहिल्या फोटोतही मी त्याच कुर्त्यात होते. तेव्हाच सांगायला काय झालं होतं? "तेव्हा फिनिशच चुकीचं होतं, पुढचं बघितलंच नाही," असं तिने अगदी शांतपणे सांगितलं. त्या शांतपणाचाच जास्त राग आला. लोकलमध्ये कुर्ल्यापर्यंत मनातल्या मनात भांडत होते.

तिसऱ्यांदा गडद निळा कुर्ता घातला. दोन मिनिटांत काम झालं. तेव्हा गडद कपडे घाला आणि स्टुडिओत "सिंगापूर व्हिसा, मॅट" एवढं स्पष्ट सांगा. फोटो तीन महिन्यांच्या आतलाच लागतो, कपाटातला जुना काढू नका. अर्जही प्रवासाला तीस दिवस उरल्यावरच घेतात, म्हणून फार लवकर जाऊन उपयोग नाही. माझी धावपळ त्यामुळेच झाली.

विमानाचं सांगण्यासारखं काहीच नाही. तिकिटावर रात्री निघून सकाळी पोचायची वेळ बघून आमचे हे म्हणाले, "आठ तास?" तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, ते वजा करायचं राहिलं होतं.

हो, एक राहिलंच. पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरायचं असतं. ते फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली तर बंद करा. च्युइंग गम आणि तंबाखू नेऊ नका. माझं मेतकूट मात्र सुखरूप पोचलं.

सिंगापूरच्या चांगी विमानतळावर यंत्रासमोर उभी राहिले, त्याने चेहरा बघितला आणि दार उघडलं. व्हिशाचा फोटो कुणी मागितलासुद्धा नाही. चकाकणारे सात अजून ड्रॉवरमध्ये आहेत, बँकेच्या केवायसीला एक चालला.