खालचा थर

महाद्वार रोडला एक फळवाला संत्र्यांची अशी रास लावतो की घ्यायचं सोडून बघतच उभं राहावं वाटतं. परवा पोरगं ओरडलं, पप्पा पिरॅमिड! मी रास म्हणतो, आमच्या शाळेत मनोरा म्हणायचे, दहीहंडीत थर म्हणतात, ह्याच्यासाठी सगळं पिरॅमिडच. तसा तो शब्द इजिप्तचा नाहीच, तिथं त्याला मेर म्हणायचे, ग्रीकांनी त्यांच्याकडच्या गव्हाच्या कसल्याशा वडीवरून नाव पाडलं असं बरेच जण मानतात. म्हणजे साडेचार हजार वर्षं उभ्या असलेल्या दगडाला खाऊचं नाव! ग्रीक कोल्हापुरात आले असते तर गुळाची ढेप म्हणाले असते.

गिझाचा मोठा पिरॅमिड मुळात १४६ मीटर उंच, अंदाजे २३ लाख दगडांचा, आता साधारण १३८ मीटरच राहिलाय. गेले ते टोकाचे दगड, खालचे हाईत तिथंच. मला ह्याचं जरा जास्तच कौतुक, कारण मी अंगानं दणकट म्हणून २६ जानेवारीच्या मनोऱ्यात कायम खालच्या थरात. गुडघ्याला खडे टोचतायत, पाठीवर दोघं, आणि फोटोत दिसतो तो वरचा झेंडेवाला. आई पाहुण्यांना फोटो दाखवायची, हे बघा, हे कोपर आमच्याचं.

मोठेपणी परत खालच्याच थरात गेलो, तेही चार हजार भरून. मामांच्या ओळखीतला एक जण टाय लावून घरी आला, पोहे खाल्ले, कागदावर त्रिकोण काढला आणि टोकावर लिहिलं 'तुम्ही'. फक्त पाच जण आणायचे, त्यांनी प्रत्येकी पाच, बास. रात्री ही कॅल्क्युलेटर घेऊन पाचानं गुणत बसली तर नवव्या थराला १९,५३,१२५ माणसं, आणि २०११ च्या जनगणनेत आपलं शहर साडेपाच लाखाचं. "सांगली-इचलकरंजी धरून पण पुरायची नाहीत ओ," म्हणाली. तोवर पैसे गेले होते. असल्या धंद्यांवर १९७८ पासून कायद्यानं बंदी आहे हे पण नंतरच कळलं. मी ओढलेला मावसभाऊ अजून पंगतीत माझ्याशेजारी बसत नाही.

आहाराचा पण पिरॅमिड असायचा, अमेरिकेनं १९९२ ला काढला, खाली धान्य आणि टोकाला तेल, मग २०११ ला तो काढून ताटाचं चित्र आणलं. आपण आधीपासून ताटातच जेवतोय. आणि तांबड्या रश्श्याचं म्हणाल तर तेल टोकालाच असतंय की, तवंग कुठं खाली बसतोय!

पोराला यंदा शाळेच्या मनोऱ्यात घेतलंय. कितव्या थरात ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. काल ही पँट धुवायला काढत होती, दोन्ही गुडघ्यांना माती.