ट्युलिप आणि राजाचा वाढदिवस : लायडनमधील आठ दिवस

नेदरलँड्समध्ये ट्युलिप पाहायला जाणारे बहुतेक जण मुक्कामाला ॲमस्टरडॅमच निवडतात. आम्ही दोघांनी मात्र एप्रिलच्या चौथ्या आठवड्यात लायडनला खोली घेतली आणि ते फार सोयीचे पडले, कारण विमानतळापासून लायडन आगगाडीने साधारण वीस मिनिटांवर आहे आणि स्थानकाबाहेरून लिसे गावातील कॉयकेनहोफ बागेकडे हंगामात थेट बस सुटते.

ही बाग मार्चच्या उत्तरार्धापासून मेच्या मध्यापर्यंत, म्हणजे जेमतेम आठ आठवडे उघडी असते. ३२ हेक्टरांत दर शरद ऋतूत सुमारे ७० लाख कंद हाताने लावले जातात. तिकीट ठरावीक वेळेचे असते आणि ते आधीच ऑनलाइन काढावे लागते. आम्ही आळस केला, सकाळच्या सगळ्या वेळा संपल्या आणि दुपारची उशिराची वेळ पदरी पडली; पण चारनंतर सहलीच्या बसगाड्या परतू लागल्या आणि बाग निवांत फिरता आली, तेव्हा हा आळसही पथ्यावरच पडला म्हणायचा.

खरी निराशा बागेबाहेर झाली. छायाचित्रांत दिसणारे रंगीत पट्टे पाहायला भाड्याच्या सायकलींवरून निघालो, तर कित्येक शेतांत नुसते हिरवे देठ उभे होते आणि खुडलेल्या लाल-पिवळ्या फुलांचे ढीग बांधाला पडून सुकत होते. येथे शेतकऱ्याचे पीक फूल नसून कंद आहे. पाकळ्या झडून बी धरण्याआधीच फूल खुडले की झाडाची सारी ताकद कंदाकडे जाते. म्हणून शेते पाहायची असतील तर एप्रिलचा मध्य गाठावा, आणि २७ एप्रिलचा राजाचा वाढदिवस हवा असेल तर शेतांवर फार भिस्त ठेवू नये. छायाचित्रासाठी सरींमध्ये शिरणे मात्र कटाक्षाने टाळावे, कारण झाडे तर तुडवली जातातच, शिवाय बुटांच्या मातीतून रोग एका शेतातून दुसऱ्यात जातो.

ज्या फुलावर हा देश ओळखला जातो ते मूळचे तिथले नाही. ते ऑटोमन साम्राज्यातून युरोपात आले आणि वनस्पतिशास्त्रज्ञ कारोलुस क्लुसियुस १५९३ मध्ये लायडन विद्यापीठात आल्यावर त्यांनी तेथील बागेत ते लावले. ती वनस्पतिबाग आजही आहे. कॉयकेनहोफच्या गर्दीनंतर येथील लहानसे वाफे पाहताना मला अधिक समाधान वाटले.

२७ एप्रिल हा राजे विलेम-अलेक्झांडर यांचा जन्मदिवस. तो रविवारी आला तर सण आदल्या दिवशी साजरा होतो. २०१३ पर्यंत हा सण ३० एप्रिलला ‘राणीचा दिवस’ म्हणून होत असे. राजघराण्याचे नाव ऑरेंज-नासाऊ, म्हणून त्या दिवशी सारा देश नारिंगी होतो. कोणीही परवान्याशिवाय घरातील जुन्या वस्तू रस्त्यावर विकू शकतो. कालव्याकाठी चादर पसरून बसलेल्या सात-आठ वर्षांच्या एका मुलीने खेळण्यातील लाकडी आगगाडीची किंमत दोन युरो सांगितली. आम्ही एक म्हटल्यावर तिने शांतपणे इंजिन आमच्या हातात दिले आणि डबे स्वतःकडे ठेवले. घासाघीस तुळशीबागेतच शिकावी लागते, हा माझा समज तेथेच गळून पडला. अशा खरेदीसाठी सुटी नाणी जवळ ठेवावीत. ॲमस्टरडॅमला जायचेच असेल तर सकाळी लवकर जावे, कारण मध्यवर्ती भागातील ट्राम त्या दिवशी बहुतांशी बंद असतात आणि दुपारनंतर पायी चालणेही कठीण होते. नारिंगी साखरलेपाचे ‘टोमपूस’ हे पेस्ट्रीसारखे पक्वान्न अवश्य खावे. चमच्याने दाबले की आतील कस्टर्ड दोन्ही बाजूंनी बाहेर येते, आणि ते नीटनेटके कसे खावे हे आम्हाला अखेरपर्यंत जमले नाही.

मुक्काम मेपर्यंत लांबवता आला तर ४ मेचा युद्धस्मृतिदिनही पाहता येईल. त्या संध्याकाळी आठ वाजता दोन मिनिटे मौन पाळले जाते. त्या वेळी रस्त्यात असाल तर थांबावे आणि फोन खिशात ठेवावा. दुसऱ्या दिवशी मुक्तिदिनाचे उत्सव असतात.

कंद घरी आणण्याचा मोह होतो, पण वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र व आयात परवान्याशिवाय ते भारतात आणता येत नाहीत. आम्ही बाजारातून रंगवलेली सहा लाकडी ट्युलिप आणली. ती आता त्या एकट्या इंजिनाशेजारी कपाटावर आहेत.