सॅन रेमोचे पेलिकन: बाराच्या आधी पोहोचा

मेलबर्नहून फिलिप आयलंडला जाणारे बहुतेक जण संध्याकाळच्या पेंग्विनवर डोळा ठेवून निघतात, आणि सॅन रेमो त्यांच्यासाठी फक्त पुलाआधीचं गाव असतं. कॅमेरा घेऊन जाणार असाल तर दिवसाची आखणी उलटी करा. पेंग्विन परेडमध्ये फोटो काढायला साफ मनाई आहे, मोबाइलनेसुद्धा. सॅन रेमोला मात्र पिंजऱ्यातले नव्हेत, मोकळे पेलिकन अगदी पायांशी येतात.

गाडीने साधारण दीड-पावणेदोन तास लागतात. पुलाच्या अलीकडे, मच्छीमारांच्या सहकारी संस्थेसमोरच्या वाळूवर पेलिकनना मासे घालतात. वेळ दुपारी बाराची, तिकीट नाही. निघण्याआधी फोन करून त्या दिवशी कार्यक्रम आहे ना, एवढं विचारून घ्या.

आता खरी गोष्ट. मासे घालतानाचे फोटो सगळ्यांकडे असतात आणि ते बहुतेक सारखेच दिसतात: चोचींचा गुंता, मागे माणसांचे पाय. चांगले फोटो त्याच्या आधीच्या अर्ध्या तासात मिळतात. पक्ष्यांना वेळ पक्की ठाऊक असते; एकेक करत ते पाण्यावर उतरायला लागतात. अडीच मीटरच्या आसपास पंखविस्तार, आणि उतरताना दोन्ही पाय पुढे करून पाण्यावर घसरत येणं! ते वाऱ्याकडे तोंड करून उतरतात, त्यामुळे वारा आपल्या पाठीवर घ्यायचा, म्हणजे पक्षी समोरून येतो. शटर १/१६०० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा. लांब लेन्स याच वेळी कामाची. बारा वाजायला आले की ती बॅगेत टाका, कारण नंतर तिच्यात फक्त डोळा मावतो. मी ७०-२०० मिमीच्या लेन्सवर भागवलं आणि काही अडलं नाही.

एक्स्पोजरचं दुखणं असं, की अंग पांढरंशुभ्र, पंख काळे आणि मागे गडद पाणी. कॅमेऱ्यावर सोडलं तर तो पाणी बघून उजळ करतो आणि पिसांचा चुना होतो. मॅन्युअलवर जा, पांढऱ्या छातीवर मोजमाप घ्या आणि मग हात लावू नका. ढगांची ये-जा असेल तर अर्थात लावावाच लागेल.

भर दुपारचा उजेड म्हटलं की आपण नाक मुरडतो. पण इथे जून-जुलैत, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, सूर्य दुपारीही क्षितिजापासून जेमतेम २८ अंश वर असतो, त्यामुळे उजेड तिरपा आणि मऊ मिळतो. सूर्य असतो उत्तरेला, हे आपल्याकडच्या सवयीने विसरायला होतं. डिसेंबरात तोच डोक्यावर येतो आणि चोचीखालची झोळी काळी पडते. थंडी वाजेल, तरी हिवाळ्यात जा.

मासे सुरू झाले की घोळक्याच्या मध्ये न घुसता कडेला बसा, जमलं तर वाळूवर पालथे पडा. मासा मिळालेला पक्षी सोडा. ज्याला अजून मिळालेला नाही, त्याच्याकडे लक्ष ठेवा. झोळी पूर्ण उघडते ती त्याची. पक्ष्यांमध्ये सगळ्यांत लांब चोच याच जातीची. हात पुढे करू नका, आणि स्वतःच्या डब्यातलं तर काहीच टाकू नका. आधीच लाल चोचीचे सिल्व्हर गल (समुद्रपक्षी) प्रत्येक फ्रेममध्ये घुसायला टपलेले असतात. त्यांच्यात जाडजूड पिवळ्या चोचीचा पॅसिफिक गल दिसला तर पेलिकन सोडून त्याचे फोटो काढा, असं माझं मत.

गर्दी पांगली तरी लगेच निघू नका. पोट भरल्यावर पेलिकन मान मागे टाकून झोळी ताणतात, कधी तिच्यातून मानेचा कणा बाहेर काढल्यासारखी ती आतून बाहेर उलटवतात. दृश्य भयंकर असतं, फोटो अप्रतिम येतो.

मध्य ऑस्ट्रेलियात मोठा पाऊस होऊन काटी थांडा–लेक एअर हे सरोवर भरलं, की हे पक्षी शेकडो मैल आत उडून पिल्लं घालायला जातात. अशा वर्षी किनाऱ्यावर ते कमी दिसले तर नवल नाही. आणि परतताना लेन्सवरचा खारा थर कोरड्या कापडाने घासू नका, आधी ओलसर कापडाने टिपून घ्या.