चालू व्हर्च्युअल मशीन हलवण्याआधीचा हिशेब

व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सर्व्हरवर सॉफ्टवेअरने चालवलेला आभासी संगणक, एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर न्यायचे म्हटले की हल्ली सर्वांना आधी लाइव्ह मायग्रेशन, म्हणजे ते चालू ठेवूनच हलवणे, सुचते. माझे मत जरा जुन्या वळणाचे आहे: सेवा थोडा वेळ बंद ठेवणे परवडत असेल, तर मशीन रीतसर बंद करावे, डिस्कची फाइल कॉपी करावी, लिबव्हर्ट या व्यवस्थापन-सॉफ्टवेअरमधील त्याची एक्सएमएल व्याख्या (मशीनच्या रचनेचे वर्णन असलेली फाइल) नव्या सर्व्हरवर नोंदवावी आणि तेथे ते सुरू करावे. यात बिघडण्यासारखे फारसे काही नसते.

चालू मशीन हलवताना मात्र खरा प्रश्न मेमरीचा असतो. केव्हीएम आणि क्यूएमयू ही व्हर्च्युअल मशीन चालवणारी सॉफ्टवेअर प्रथम संपूर्ण मेमरी पलीकडे पाठवतात. तेवढ्या अवधीत मशीनने मेमरीची जी पाने (छोटे तुकडे) बदलली ती पुन्हा पाठवतात, आणि उरलेली पाने ठरावीक मर्यादेत, क्यूएमयूमध्ये मुळात ३०० मिलिसेकंदांत, जातील असे दिसले की मशीन क्षणभर थांबवून ती पाठवतात आणि मशीन नव्या ठिकाणी चालू करतात. २००५ मध्ये झेन या हायपरवायझरवरील (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवरील) शोधनिबंधात ही पद्धत सविस्तर मांडली गेली होती. एक गिगाबिटच्या जोडणीवरून सेकंदाला साधारण ११० मेगाबाइट जातात, म्हणजे १६ जीबी मेमरीच्या पहिल्या फेरीला अडीच मिनिटे लागतात. पण त्यातला डेटाबेस सेकंदाला १५० मेगाबाइट मेमरी बदलत असेल, तर कितीही फेऱ्या झाल्या तरी काम संपणार नाही. अशा वेळी ऑटो-कन्व्हर्ज हा पर्याय मशीनचा प्रोसेसर मुद्दाम मंदावतो, त्यामुळे सेवा ‘बंद न करता’ हलवल्याचे समाधान कागदावरच उरते. पोस्ट-कॉपी या दुसऱ्या पर्यायामध्ये मशीन आधी पलीकडे सुरू होते आणि मेमरी मागाहून येते. असे स्थलांतर चालू असताना दोहोंपैकी एक सर्व्हर कोसळला, तर मशीनची चालू स्थिती कायमची जाते. महत्त्वाच्या डेटाबेससाठी मी तो पर्याय निवडत नाही.

प्रोसेसरचे प्रकरण याहून फसवे आहे. मशीनला होस्ट-पासथ्रू, म्हणजे सर्व्हरचा प्रोसेसर जसाच्या तसा दाखवणारी मांडणी, दिले असेल, तर मूळ प्रोसेसरच्या सूचना (त्याला कळणाऱ्या आज्ञा), उदाहरणार्थ एव्हीएक्स-५१२ हा आज्ञासंच, त्याला थेट दिसतात, आणि नव्या सर्व्हरवर त्या नसतील तर आधीपासून चालू असलेले प्रोग्रॅम तेथे कोसळू शकतात. म्हणून दोन्ही सर्व्हरना झेपेल असे नाव दिलेले प्रोसेसर मॉडेल आधीच निवडावे. हा बदल लागू होण्यासाठी मशीन एकदा पूर्ण बंद करून सुरू करावे लागते, हे अनेकांना ऐन वेळी समजते. मशीनला नेटवर्कशी जोडणाऱ्या नेटवर्क ब्रिजचे नाव दोन्हीकडे सारखे आहे ना, हेही याच वेळी पाहावे.

बंद करून हलवलेल्या मशीनच्या जुन्या प्रतीचे ऑटोस्टार्ट (सर्व्हरसोबत आपोआप सुरू होणे) काढून टाकावे. अन्यथा जुना सर्व्हर रीबूट होताच एकाच मॅक आणि आयपी पत्त्याची दोन मशीन नेटवर्कवर येतात, आणि डिस्क सामायिक स्टोरेजवर असेल, तर दोघांच्या एकाच वेळच्या लिखाणाने तिच्यावरील फाइलसिस्टिम नासते.