आमची वाटचाल : ज्वरांकुशाचं तेल आणि सहा ड्रम

बाबांनी १९८४ साली इंदूरला सांवेर रोडवर भाड्याच्या शेडमध्ये तेल काढायची पहिली भट्टी, म्हणजे भपका, लावली, ती निमाडातल्या रोशा गवतासाठी. रोशाचं तेल काढणारे तेव्हा पुष्कळ होते. ज्वरांकुशाचं काम मात्र आमच्या ओळीत आम्हीच सुरू केलं, याचा अभिमान आजही आहे.

ज्वरांकुश म्हणजे थर वाळवंटाच्या वाळूत झुबक्यांनी वाढणारं गवत. आमचे राजस्थानचे लोक त्याला बूर म्हणतात, वैद्य लामज्जक. रोशाचं भावंडच, पण तेलाचा स्वभाव निराळा. रोशात मुख्य घटक जिरॅनिऑल, म्हणून तो गुलाबाकडे झुकतो. ज्वरांकुशात पिपेरिटोन, म्हणून बूच उघडलं की पुदिना आणि कापूर एकदम नाकात शिरतात. चांगल्या मालात निम्म्याहून जास्त पिपेरिटोनच, बाकी कॅरीन, एलेमॉल वगैरे. या तेलातलं पिपेरिटोन आणि कॅरीन सायमनसन नावाच्या रसायनशास्त्रज्ञांनी १९२०च्या दशकाच्या सुरुवातीलाच वेगळं करून दाखवलं होतं. पिपेरिटोनपासून थायमॉल आणि मेंथॉल करता येतं, म्हणून कारखान्यांना त्याचं मोल.

आमचं पहिलं गिऱ्हाईक मात्र कारखाना नव्हता. उज्जैनचे वैद्यकाका पाच लिटरचा कॅन घेऊन बसने यायचे. तिळाच्या तेलात थोडं मिसळून ते सांधेदुखीला चोळायला द्यायचे. बाबांनी एकदा विचारलं, "काका, लेबलवर ताप उतरतो असं छापू का? नावातच आहे." काका भडकले. "अहो, काढ्यात जे उतरतं ते सगळं भपक्यात चढत नाही. काढा वेगळा, तेल वेगळं. कुणी चमचाभर प्यायला तर पाप कुणाच्या माथी?" त्या दिवसापासून आमच्या लेबलवर रोगाचं नाव नाही. हे तेल जंतू आणि बुरशीला अडवतं असं प्रयोगशाळेत दिसलेलं आहे, पण काचेच्या बशीतलं यश म्हणजे माणसाचा ताप उतरणं नव्हे. नव्या मुलांनी हे आधी शिकावं, बाटलीचं डिझाइन नंतर.

आता २००९बद्दल. आमच्या सगळ्यात मोठ्या खरेदीदाराने सहा ड्रम परत पाठवले. कारण लिहिलं होतं: सिनिओल सापडलं. सिनिओल हा नीलगिरीच्या तेलातला मुख्य घटक, म्हणजे भेसळीचा आरोप. इंदूरच्याच सियागंज बाजारातल्या एका व्यापाऱ्याचा मालही त्याच खरेदीदाराच्या गोदामात जात होता, आमच्यापेक्षा स्वस्त. आठवड्याभरात बाजारात झालं की हे लोक नीलगिरी ओततात. कुणी उठवलं ते मला ठाऊक आहे, लिहिणार नाही. नव्या बॉयलरचा हप्ता चालू होता. चौदा माणसांची तीन राहिली. बाबा शेडमध्ये येईनासे झाले.

आमच्याकडे दोनच गोष्टी होत्या. एक, निघालेल्या प्रत्येक ड्रमचा राखून ठेवलेला नमुना. दुसरी, बाबांचा जुना ॲबे रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे तेलातून जाताना उजेड किती वळतो (अपवर्तनांक) ते मोजायचं यंत्र. प्रिझम ॲसिटोनने पुसायचा, एक थेंब ठेवायचा, उजेड-अंधाराची रेघ फुलीवर आणायची. पिपेरिटोनचा अपवर्तनांक १.४८४च्या आसपास, सिनिओलचा १.४५८. नीलगिरी पडली की आकडा खाली येतोच. आमचे सहाही नमुने जागच्या जागी होते, परत आलेले ड्रम खाली.

तेवढ्यावर माझं समाधान होईना, म्हणून कॅसिया फ्लास्क काढला, लांब मानेवर मिलीच्या खुणा असलेला. दहा मिली तेल, सोडियम सल्फाइटचं द्रावण, फिनॉल्फ्थेलीनचे दोन थेंब, उकळत्या पाण्यात. गुलाबी रंग आला की ॲसेटिक ॲसिडने घालवायचा, पुन्हा येतो, पुन्हा घालवायचा. पिपेरिटोन या द्रावणात सावकाश विरघळतं, घाई केली की आकडा खोटा येतो. रात्री दोन वाजता रंग यायचा थांबला. पाणी घालून उरलेलं तेल मानेत चढवलं: आमच्या नमुन्याचं ३.८ मिली, म्हणजे विरघळलेलं ६२ टक्के कीटोन (पिपेरिटोन त्याच जातीचं). ड्रमातल्याचं ५.९. मग टॉर्च घेऊन ड्रम पाहिले. बॅच नंबर आमचे, बुचावरची सीलं आमची नव्हती.

माल खरेदीदाराच्याच गोदामात अदलाबदल झाला होता. फोनवर त्यांनी कबूल केलं, पैसे आठ महिन्यांनी दिले. दोन ओळी लिहून मात्र दिल्या नाहीत. त्या दोन ओळी मिळाल्या असत्या तर बाबा बाजारात ताठ मानेने फिरले असते.

त्याच महिन्यात वैद्यकाका आले, दोन कॅन मागितले, पैसे आधी टेबलावर ठेवले. बाबा म्हणाले, "काका, बाजारात काय बोलतात ऐकलंत ना?" काकांनी बूच उघडून वास घेतला. "बाजाराला नाक नाही रे," म्हणाले आणि बस पकडायला निघाले. दुसऱ्या दिवशी बाबा शेडमध्ये आले.

त्यानंतरची वर्षं ठीक गेली, काम वाढलं, शेड आता स्वतःची आहे. धंद्यात येणाऱ्यांना एकच सांगतो: महागडं यंत्र नंतर घ्या, आधी प्रत्येक ड्रमचा नमुना गडद बाटलीत गळ्यापर्यंत भरून थंड जागी ठेवा. अर्धी बाटली ठेवली तर हवा तेल खराब करते.

त्या सहा बाटल्या अजून आमच्या कपाटात आहेत. तपासात उघडल्यामुळे तेल पिवळं पडलंय, घट्ट झालंय. दर दिवाळीला कपाट साफ करणारा मुलगा विचारतो, "दादा, या टाकू?" मी परत जागेवर ठेवायला सांगतो.