पन्नास रुपये थंडीचे

आमच्याकडे शेतीच्या मोटरीला रातपाळीची लाईट असली की पिकाला पाणी भरायला जाणाऱ्या माणसाला मजुरीच्या वर पन्नास रुपये द्यायची पद्धत होती. त्याला ‘थंडीचे’ म्हणायचे. ते कशासाठी, हे कुणी बोलायचं नाही, पण ठाऊक सगळ्यांना असायचं. आधी सासरे द्यायचे, मग नवरा देऊ लागला. २०१८च्या डिसेंबरात एका संध्याकाळी घरात दुसरं कुणी नव्हतं म्हणून ते मी दिले. मी सहा वर्षं नाशिकला स्टाफ नर्स होते. दारूने माणूस गरम होत नाही, गार पडतो, हे मी शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. तरी दिले. आज हे लिहायला बसले, कारण थंडी पुन्हा पडायला लागली आहे आणि कालच शेजारच्या मळ्यात तेच ऐकलं: “एवढी गार पडली का मग थोडी मारल्याशिवाय रात्र निघत नाही.”

निफाडची थंडी तुम्ही बातम्यांत ऐकली असेल. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पहाटेचा पारा मोजतात आणि दर हिवाळ्यात तो आकडा वर्तमानपत्रात येतो. २७ डिसेंबर २०१८ला तो १.८ अंश होता. द्राक्षबागांच्या पट्ट्यात हा आकडा म्हणजे पोटात गोळा. मणी भरत आलेले असतात, आणि गारठ्याने ते तडकतात. मग पहाटे बागेत शेकोट्या पेटवायच्या, धूर करायचा, ठिबक सोडून ठेवायचं, कारण विहिरीचं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा गरम असतं. माझे सासरे रात्री नऊला अंगणात उभे राहून आधी आभाळ बघतात. ढग असले की निवांत झोपतात. आभाळ स्वच्छ, चांदण्या लखलखीत असल्या की म्हणतात, “आज पांघरूण नाही गं वर. जमिनीची सगळी ऊब निघून जाणार.” हे वाक्य मी पुष्कळदा ऐकलं होतं. त्या रात्रीनंतर मला ते माणसाबद्दलही खरं वाटू लागलं.

आमचा खालचा तुकडा गव्हाचा. तिथे पाटाचं पाणी, सारे, आणि बारे द्यायला, म्हणजे पाणी एका साऱ्यातून दुसऱ्यात वळवायला, माणूस लागतो. त्या आठवड्यात लाईट रात्री साडेअकराला यायची. आमच्याकडे बारा वर्षं कामाला असलेले एक गृहस्थ आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही. तेव्हा पंचावन्नच्या आसपास असतील. फावडं, बॅटरी, डोक्याला उपरणं, अंगात हाताने विणलेला जाड स्वेटर, पायांत काही नाही. गमबूट चिखलात रुततात म्हणून घालायचे नाहीत. आणि हिवाळ्यात विहिरीचं पाणी कोमट लागतं, पाटातून वाफा निघतात, त्यामुळे पाय पाण्यात असतात तोवर बरंच वाटतं. पाय बाहेर काढला की खरा गारठा कळतो. ओलं अंग कोरड्या अंगापेक्षा कितीतरी भरभर ऊब सोडतं. शिवाय मामा त्या दिवशी जेवले नव्हते. दुपारी कुणाच्या तरी दहाव्याला गेले होते, तिथे चार घास खाल्लेले तेवढेच. हे मला नंतर मामींकडून कळलं.

पहाटे चारच्या सुमाराला सासऱ्यांना जाग आली. मोटर चालू होती, पण पाणी गव्हातून फुटून रस्त्यावर आलं होतं. त्यांनी नवऱ्याला उठवलं. मी मागोमाग गेले.

मामा बांधाला पाठ टेकून बाभळीखाली बसलेले होते. स्वेटर काढून, नीट घडी करून शेजारी ठेवलेला. अंगात नुसता शर्ट, पायजमा गुडघ्यापर्यंत ओला. ते कुडकुडत नव्हते. तेवढ्यात शेजारच्या बागेत शेकोट्या करायला आलेली दोघं-तिघं जमली. “जास्त झाली वाटतं. झोपू द्या, उतरेल,” असं एक जण म्हणाला. मामा बोलत होते, पण जीभ जड, शब्द अर्धे. मलाही क्षणभर तेच वाटलं.

मग मी शर्टाखाली हात घालून पोटाला लावला. थंडीत माणसाचे हातपाय गार असतात, नाक-कान गार असतात, त्यात काही नाही. पोट गार नसतं. मामांचं पोट उघड्यावर पडलेल्या वरवंट्यासारखं गार होतं. तो स्पर्श मी विसरलेले नाही.

नवऱ्याने १०८ला फोन लावला. आम्ही त्यांना उचलून, आडवंच ठेवून पंपाच्या खोलीत आणलं, ओले कपडे काढले, कोरडं केलं, वाकळ आणि दोन गोधड्या गुंडाळल्या. नवरा घरून गरम पाण्याच्या बाटल्या घेऊन आला. त्या फडक्यात गुंडाळून काखेत आणि छातीशी ठेवल्या, हातापायांना नाही. कुणीतरी तळवे चोळायला बसलं, त्याला थांबवलं. अंग इतकं गार पडलेल्या माणसाला हलक्या हाताने हाताळायचं असतं, जोरात हलवलं-चोळलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. आणि एका शेजाऱ्याने, अगदी मायेने, खिशातून बाटली काढली. “दोन घोट पाजा, गरम होतील.” मी त्यांचा हात इतक्या जोरात ढकलला की बाटली खाली पडून फुटली. त्यांना वाईट वाटलं. मी नंतर घरी जाऊन माफी मागितली, ती हात ढकलल्याची. पाजू दिली नाही याची नाही.

घरातला काचेचा थर्मामीटर लावून बघितला तर पारा तळाच्या रेघेवरून हललाच नाही. हे लक्षात ठेवा. आपल्या घरातले ते थर्मामीटर तापासाठी असतात, ९४ फॅरनहाइट म्हणजे साधारण साडेचौतीस सेल्सियसच्या खालचं त्यांना दिसत नाही. आणि शरीराच्या आतलं तापमान ३५च्या खाली गेलं की त्यालाच हायपोथर्मिया म्हणतात. दवाखान्यात मामांचं ३२ भरलं. रक्तातली साखरही फार उतरली होती. मामा वाचले. चौथ्या दिवशी घरी आले.

पंधरा-वीस दिवसांनी आमच्या ओट्यावर चहा पिताना मामांनी मला विचारलं, “पण ताई, मला तर बसल्याजागी गरम व्हायला लागलं होतं. खरंच सांगतो, घाम येतो का काय असं झालं. म्हणून तर स्वेटर काढला. मग मी गार कसा पडलो?”

प्रश्न अगदी बरोबर होता. मामा खोटं बोलत नव्हते. दारू घेतल्यावर ऊब वाटते ती खरीच वाटते.

मी त्यांना न्हाणीतल्या बंबाकडे नेलं. आमच्याकडे अजून तांब्याचा बंब आहे. म्हटलं, मामा, हा बंब म्हणजे तुमचं धड, आणि ही बादली म्हणजे कातडी. थंडी पडली की शरीर नळ बंद करतं. कातडीजवळच्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात, गरम रक्त आत, काळजाजवळ, मेंदूजवळ, यकृताजवळ राखलं जातं. म्हणून हात पांढरे पडतात, बोटं बधिर होतात. आता गंमत अशी की गार-गरम कळण्याच्या नसा बहुतेक कातडीत आहेत, म्हणजे बादलीत. बंबात पाणी कितीही कढत असलं तरी बादली रिकामी म्हणून तुम्ही म्हणता, मला थंडी वाजते. दारू पोटात गेली की ती हा नळ सोडते. गरम रक्त भळाभळा कातडीकडे येतं. चेहरा लाल होतो, कान तापतात, बादली भरते. तुम्ही म्हणता, आलं बरं का अंगात! पण ते पाणी बंबातलंच आहे, आणि बादली उघड्यावर आहे, बाहेर दोन-तीन अंश हवा.

मामांनी बंबाच्या तोटीला हात लावून बघितला. “म्हणजे आतलं निघून जातं.”

तेवढ्यावर थांबत नाही. कुडकुडणं हे शरीराचं हत्यार आहे, स्नायू थरथरून उष्णता तयार करतात, आणि दारूने ते कुडकुडणंच मंदावतं. कुडकुडायला साखरही लागते. उपाशीपोटी दारू प्यायलेल्या माणसाचं यकृत दारू निस्तरण्यात गुंतलेलं असतं, नवी साखर करत नाही. लघवी जास्त होऊन पाणीही कमी होतं. आणि डोकं चालत नाही, म्हणजे उठून घरी जावं, शेकोटी करावी, हाक मारावी, हे सुचतच नाही. फार गारठलेल्या माणसाला शेवटी शेवटी उकडल्यासारखं वाटून तो कपडे काढतो, असंही होतं. मामांचा स्वेटर दारूने निघाला की गारठ्याने, हे मी सांगू शकत नाही. दोन्ही एकाच बाजूला ओढत होते.

हे सांगितलं की लोक हमखास विचारतात, मग फौजेत रम का देतात? माझा धाकटा दीर फौजी आहे, लेहकडे तीन हिवाळे काढलेत त्याने. त्याला मी हेच विचारलं. तो म्हणाला, “वहिनी, ती ड्युटीवरून आल्यावर, आत, बुखारीशेजारी म्हणजे शेगडीशेजारी, जेवणाबरोबर. पहाऱ्यावर निघताना कोण पितंय? तिथे ऊब कपड्यांची. थरावर थर, आणि मोजे कोरडे.” मोजे कोरडे हे त्याने तीनदा म्हटलं. हवामान खात्यानेही २०२०च्या डिसेंबरअखेर उत्तर भारतातल्या थंडीच्या लाटेचा इशारा देताना, दारू घेऊ नका, त्याने शरीराचं तापमान उतरतं, असं स्पष्ट लिहिलं होतं. ऐन थर्टी फर्स्टच्या तोंडावर. पुष्कळांनी त्यावर विनोद केले. मला मात्र ते वाचून बरं वाटलं, कारण हे सांगणारं कुणीतरी आपल्या शिवारातही हवं होतं.

आणखी एक गोष्ट, जिच्यासाठी मी कुणाशीही भांडायला तयार आहे. तान्ह्या बाळाला थंडीत ब्रँडी चोळणं, किंवा बोटावर थेंब घेऊन चाटवणं. माझ्या बाळंतपणात, जानेवारीत, सासूबाईंच्या मावशींनी ती छोटी बाटली प्रेमाने उशाशी आणून ठेवली होती. ब्रँडी अंगावरून उडून जाताना ऊब घेऊन जाते, बाळाच्या नाजूक कातडीतून आत मुरते, आणि चाटवलेली थोडीशीही त्याची साखर पाडू शकते. बाळाचं आकारमान लहान, कातडी त्या मानाने पुष्कळ, ते मोठ्या माणसापेक्षा किती तरी लवकर गार पडतं. मी बाटली उचलून कपाटात वर ठेवली आणि मुलीला उघड्या छातीशी घेऊन वरून शाल ओढली. डोक्याला टोपडं. बास. मावशींनी अर्ध्या तासाने तिच्या तळपायाला हात लावून बघितला आणि काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी बाटली स्वतःच घेऊन गेल्या.

मामांच्या त्या रात्रीनंतर आम्ही थंडीचे पन्नास बंद केले, म्हणजे मजुरीतच मिळवले आणि ती दुसऱ्या दिवशी सकाळी देऊ लागलो. मामा पिणं सोडून देवमाणूस झाले असं काही नाही. घरी, जेवून, पांघरुणात शिरायच्या आधी कधीतरी घेतात, त्यावर मामी आणि ते बघून घेतील. मला त्यांची रात्रीच्या पाण्यावरची बाटली नको होती. वरच्या तुकड्यावर आम्ही तुषार सिंचन बसवलं. खालच्याला अजून बारेच आहेत, पण एकटं कुणी जात नाही, मामांबरोबर त्यांचा भाचा असतो. जाताना बाजरीची भाकरी पोटभर खाऊन जायचं, हे मी समोर बसून बघते. पिशवीत गूळ-शेंगदाण्याचे लाडू, चहाचा थर्मास, आणि प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेले पायमोजे आणि कोरडा पायजमा. गमबूट मामा आता घालतात, कुरकुर करत.

परवा पुन्हा रातपाळी सुरू झाली. थर्मास भरताना मामा दारात उभे होते. त्यांनी स्वतःच शर्टाखाली हात घालून पोट चाचपलं आणि मला म्हणाले, “बंब भरलेला आहे, ताई.”

दोन वाजता त्यांचा मिस कॉल येतो, असं ठरलेलं आहे. दोनला पाच कमी होते तेव्हा आला. मी कापला, परत एक दिला, आणि नवऱ्याला म्हटलं, झोपा आता.